डोरोथी गिब्सन: मूकपटाची नायिका ते ऑपेराचा कोरस, काही शंका

वाचनकट्टा

ग्रंथालयाच्या चित्रपट मंडळासाठी डोरोथी गिब्सनवर 20 मिनिटांचं टिपण करते आहे. ‘टायटॅनिक’मधून वाचलेली नटी आणि महिन्याभरात त्याच दुर्घटनेवरच्या चित्रपटात स्वतःचीच भूमिका करणारी बाई, एवढं सगळीकडे सापडतं. पुढचं मात्र एका ओळीत गुंडाळलेलं असतं: ‘नंतर त्या ऑपेरा गायिका झाल्या.’ मला नेमका तोच भाग हवा आहे.

त्यांना ऑपेरा गायिका म्हणणं कितपत बरोबर आहे? 1915 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्या नक्की काय गायल्या? पडद्यावर जिचा आवाज कधी ऐकूच आला नाही ती बाई एकदम ऑपेराच्या रंगमंचावर कशी पोचली? शिवाय त्यांचा एखादा चित्रपट किंवा त्या काळचा दुसरा मूकपट दाखवायचा झाला, तर चित्रं पळाल्यासारखी दिसू नयेत म्हणून काय करायचं? जाणकारांनी सांगावं. टायटॅनिक दोन मिनिटांत आटपायचं आहे.

रीळदार

तुमचा ‘एकदम’ हा शब्दच आधी काढून टाका, निम्मं कोडं सुटेल. गाणं आधी होतं, चित्रपट मध्ये आला आणि मग परत गाणं आलं. बहुतेक लेखांत सुरुवात 1911 पासून होते, म्हणून शेवटचं वळण विचित्र वाटतं.

जन्म 17 मे 1889, न्यू जर्सीतलं होबोकन. मूळ नाव डोरोथी विनिफ्रेड ब्राऊन. वडील लवकर गेले. आईनं, म्हणजे पॉलीननं, दुसरं लग्न लेनर्ड गिब्सनशी केलं आणि तेच आडनाव पुढे लागलं. 1906 ते 1911 ही पाच वर्षं त्या व्हॉडव्हिल (गाणी, नाच, विनोद यांचे मिश्र खेळ) आणि संगीत नाटकांत गायच्या आणि नाचायच्या. 1907 मध्ये नाट्यनिर्माते चार्ल्स फ्रोमन यांच्या ‘द डेअरीमेड्स’मध्ये होत्या आणि शुबर्ट बंधूंच्या हिप्पोड्रोममधल्या खेळांत कोरसमध्ये होत्या. न्यूयॉर्कच्या या हिप्पोड्रोममध्ये पाच हजारांवर आसनं होती आणि मायक्रोफोन नव्हता. टिपणात ही गोष्ट ठळक यायलाच हवी. मोठ्या घरात, वाद्यवृंदावरून, दहाजणींच्या आवाजात आवाज मिसळून गाणं हे त्या विशीच्या आतच शिकल्या होत्या.

1909 पासून त्या चित्रकार हॅरिसन फिशर यांच्या मॉडेल झाल्या. मासिकांची मुखपृष्ठं, पोस्टकार्डं, जाहिराती, सगळीकडे तो चेहरा जाऊ लागला. ‘हॅरिसन फिशर गर्ल’ ही ओळख तिथली. चित्रपटवाल्यांना आवाजाशी देणंघेणं नव्हतं, चेहरा घरोघरी माहीत होता, तो त्यांनी उचलला. 1911 मध्ये आधी इम्प आणि ल्युबिन या कंपन्यांत किरकोळ कामं, आणि जुलैमध्ये फ्रेंच एक्लेर कंपनीच्या अमेरिकन शाखेत थेट नायिका. स्टुडिओ न्यू जर्सीतल्या फोर्ट लीमध्ये. हॉलिवूड तेव्हा नुकतं बाळसं धरत होतं. अमेरिकन चित्रपटाचं मोठं बस्तान याच फोर्ट लीत होतं, हे श्रोत्यांना जरूर सांगा. आपल्याकडे ‘श्री पुंडलिक’ मुंबईत लागला तो 18 मे 1912 ला, म्हणजे त्यांच्या टायटॅनिकपटानंतर चार दिवसांनी. काळाचा अंदाज यायला हे एक वाक्य पुरतं.

एक्लेरमध्ये त्या वर्षभरही नव्हत्या. ‘हँड्स अक्रॉस द सी’मध्ये त्यांनी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली मॉली पिचर केली. बाकी बहुतेक एका रिळाच्या, म्हणजे साधारण पंधरा मिनिटांच्या, हलक्याफुलक्या विनोदी गोष्टी: ‘मिस मास्करेडर’, ‘लव्ह फाइंड्स अ वे’, ‘द लकी होल्डअप’. त्यांची खरी जागा विनोदी नायिकेची होती. शोकांतिकेची नटी म्हणून नाव झालं ते फक्त एका चित्रपटामुळे.

टायटॅनिकची दोन मिनिटं अशी भरा: मार्च 1912 मध्ये आईबरोबर सुटीसाठी इटलीला. 10 एप्रिलला फ्रान्सच्या शेरबूर्ग बंदरातून परतीचा प्रवास. 14 च्या रात्री त्या ब्रिज खेळून उठल्या, 11:40 ला बोट हिमनगावर आपटली. मायलेकी क्रमांक 7 च्या जीवनरक्षक बोटीत बसल्या. पाण्यात उतरवलेली ही पहिलीच बोट. मावत होती 65 माणसं, उतरली 28 घेऊन. तळाचं पाणी काढायचं भोक नीट बंद नव्हतं, आत पाणी येऊ लागलं. ते अंगावरच्या कपड्यांचे बोळे कोंबून थांबवलं. पुढे कार्पेथिया जहाजानं उचललं.

मग एक्लेरचा ‘सेव्ह्ड फ्रॉम द टायटॅनिक’. दिग्दर्शक एतिएन आर्नो, लांबी एक रीळ. काही भाग फोर्ट लीच्या स्टुडिओत, काही न्यूयॉर्क बंदरातल्या एका निकामी जहाजावर. कथेची मांडणी गिब्सन यांचीच. त्या रात्री अंगावर जे होतं तेच कपडे त्यांनी कॅमेऱ्यासमोर घातले: पांढरा रेशमी झगा, स्वेटर, वर लांब कोट. भूमिकेचं नावही ‘मिस डोरोथी’. प्रदर्शन 14 मे 1912. त्यानंतर त्यांनी चित्रपट सोडला. त्यांनी धक्क्यामुळे सोडला की गाण्यासाठी, असा प्रश्न हमखास येईल. दोन्ही कारणं एकमेकांत अडकलेली आहेत, त्यातलं एक ओढून वेगळं काढू नका.

तारसप्तक

रीळदारांनी पाया घालून दिला, आता 1915.

त्या मेटमध्ये, म्हणजे मेट्रोपॉलिटन ऑपेरात, ज्या प्रयोगासाठी ओळखल्या जातात तो ‘मादाम सां-जेन’. संगीत उंबेर्तो जोर्दानो, संहिता रेनातो सिमोनी, मूळ नाटक सार्दू आणि मोरो यांचं. जगातला पहिला प्रयोग मेटमध्येच, 25 जानेवारी 1915 ला. संचालन आर्तुरो तोस्कानिनी यांचं, आणि मेटमधला त्यांचा तो शेवटचा हंगाम. नायिका कातेरीना म्हणजे जेराल्डिन फॅरार, लफेव्र म्हणजे जोव्हान्नी मार्तिनेल्ली, नेपोलियन म्हणजे पास्क्वाले आमातो. गिब्सन यांचं नाव या मुख्य गायकांत नाही. त्यांचं मेटमधलं काम कोरसचं आहे. मेटच्या ऑनलाइन नोंदींत प्रयोगागणिक गायक मिळतात, पण कोरसमधल्या माणसांची नावं सहसा नसतात. तिथे शोधून ‘सापडत नाही, म्हणजे खोटं’ असा निष्कर्ष काढू नका. उलट ‘मेटची तारका’ असं लिहिलेलं दिसलं तर तेही उतरवून घेऊ नका. ‘मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या कोरसमध्ये गायल्या’ हे नेमकं वाक्य.

आणि यात कमीपणा काही नाही, हे श्रोत्यांपर्यंत पोचवा. आपल्या संगीत नाटकात सगळे नट मिळून गातात ते नांदीला. बाकी पदं एकट्याची, आणि साथीला ऑर्गन किंवा पेटी, सारंगी, तबला. तिथे समूहगानाचं काम पहिल्या पाच मिनिटांत संपतं. ऑपेरात कोरस हे जवळजवळ एक पात्रच असतं. ‘मादाम सां-जेन’चा पहिला अंक 10 ऑगस्ट 1792 ला पॅरिसमधल्या एका धोबिणीच्या दुकानात घडतो, बाहेर क्रांतीची धुमश्चक्री चालू असते. पुढचे अंक 1811 मधल्या कोंप्येन्यच्या राजवाड्यातले. तीच धोबीण आता डचेस झाली आहे आणि दरबारातल्या बायका तिच्या बोलण्याचालण्याला नाकं मुरडतात. आधी रस्त्यावरची गर्दी आणि नंतर नटलेला दरबार उभा करायचा, तोही गात, हे त्या मंडळींचं काम.

हे अवघड कुठे जातं ते सांगते, कारण ‘व्हॉडव्हिलमधून ऑपेरात’ या दोन शब्दांत खूप कष्ट दडलेले आहेत.

पहिली अडचण आवाज पोचवण्याची. जुनं मेट ब्रॉडवे आणि 39 व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर होतं, आसनं साधारण 3,600. वाद्यवृंदाची सर्वांत जास्त ताकद 500 हर्ट्‌झच्या आसपास असते आणि वर जावं तशी ती उतरत जाते. ऑपेराचा तयार गायक गळ्याच्या आतली जागा अशी बसवतो की 3,000 हर्ट्‌झच्या आसपास त्याच्या आवाजाला वेगळी धार येते. तिथे वाद्यं कमी पडतात, म्हणून एकटा माणूस साठ-सत्तर वाद्यांवरून ऐकू येतो. जोर लावून हे होत नाही. जोर लावला की गळा आवळतो, स्वर चढतो आणि दोन अंकांत आवाज बसतो. व्हॉडव्हिलची सवय असते शब्द पुढे फेकायची, म्हणजे जवळजवळ बोलल्यासारखं गायची. ती मोडून स्वर लांबवत न्यायला शिकावं लागतं.

दुसरी अडचण अगदी उलटी आहे. कोरसमध्ये तीच धार आवरावी लागते. एकीचा आवाज किंवा कंप वेगळा निघाला की सगळा रांगेचा स्वर फाटल्यासारखा ऐकू येतो. लांब स्वर असेल तर श्वास आळीपाळीने घ्यायचा, शेजारणीबरोबर एकाच वेळी नाही. नाहीतर मध्ये भोक पडतं. स्वराक्षरांचा आकारही सारखा लागतो. इटालियन ‘आ’ एकीनं पसरट आणि दुसरीनं गोल लावला तर सूर बरोबर असूनही बेसूर वाटतं.

तिसरी अडचण भाषेची. एकाच हंगामात इटालियन, फ्रेंच आणि जर्मन. शब्द पाठ, हालचाली पाठ, आणि नाचता-फिरता डोळ्याच्या कोपऱ्यातून संचालकाच्या काठीवर नजर. आपल्याकडे प्रॉम्प्टर विंगेत असतो. तिथे तो रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, एका छोट्या पेटीत बसतो आणि पुढच्या ओळीचे शब्द क्षणभर आधी पुरवतो. पण त्याचा आधार मुख्यतः पुढच्या गायकांना. मागच्या रांगेत उभी असलेली बाई स्वतःच्या पाठांतरावर अवलंबून. तोस्कानिनी स्वतः संपूर्ण स्वरलेखन पाठ करून संचालन करायचे आणि चुकीला माफी नव्हती.

आणखी एक गोष्ट, जी मला या विषयातली सर्वांत सुंदर वाटते. त्या प्रयोगात पुढे उभी असलेली फॅरार त्याच 1915 साली उलट दिशेनं निघाली. तोवर मेटमध्ये तिला नऊ वर्षं झाली होती. ती दिग्दर्शक सेसिल डेमिलच्या ‘कार्मेन’ या मूकपटात नायिका झाली. जिच्या आवाजासाठी लोक तिकिटाला रांगा लावायचे ती आवाजाशिवाय पडद्यावर गेली, आणि जिला लोकांनी फक्त पडद्यावर पाहिलं होतं ती तिच्या मागे उभी राहून गात होती. तुमच्या टिपणाचा मधला भाग यावरच बांधा.

वाचनकट्टा

फारच उपयोगी! फॅरारचा धागा नक्की घेते. गिब्सन यांचे पुढे झालेले पती ज्यूल ब्रुलातूर यांच्याबद्दलही कोणी सांगेल का? काही ठिकाणी त्यांची पत्नी म्हणून होप हॅम्प्टन हे नाव येतं आणि त्यांचंही वर्णन ‘मूकपटाची नटी, पुढे ऑपेरा गायिका’ असंच आहे. दोघींची सरमिसळ झाली आहे का?

चौकट35

सरमिसळ नाही, दोघीही खऱ्या आणि दोघीही ब्रुलातूर यांच्या पत्नी. पण मजकूर उतरवताना एकीची माहिती दुसरीच्या खात्यात जाते, तेव्हा तारखांवर पकड ठेवा.

ज्यूल ब्रुलातूर हा ईस्टमन कोडॅकच्या कच्च्या फिल्मचा अमेरिकेतला मोठा वितरक. चित्रपट कोणीही काढो, फिल्म त्याच्याकडून घ्यायची, असा दबदबा. एक्लेरच्या अमेरिकन शाखेतही त्याचं वजन होतं. गिब्सन यांच्याशी त्याचं नातं जुळलं तेव्हा दोघांचीही आधीची लग्नं होती. 1913 मध्ये गिब्सन चालवत असलेल्या त्याच्या मोटारीखाली एक माणूस मेला, आणि त्या खटल्यात हे नातं वर्तमानपत्रांत आलं. लग्न 1917 मध्ये झालं. आधीच्या घटस्फोटाच्या कायदेशीरपणाचा प्रश्न निघाला आणि 1919 मध्ये ते रद्द झालं. म्हणजे मेटचं 1915 हे लग्नाच्या आधीचं. ‘श्रीमंत नवऱ्यामुळे ऑपेरात शिरकाव’ असं लिहाल तर तारखाच चुकतील. ब्रुलातूरचं पाठबळ नसेलच असं म्हणता येत नाही, पण तेव्हा तो नवरा नव्हता.

होप हॅम्प्टन ही पुढच्या पिढीची, जन्म 1897. मूकपटांतली कारकीर्द 1920 पासून, ब्रुलातूरशी लग्न 1923. ऑपेरातलं पदार्पण 1928 मध्ये फिलाडेल्फियात, मासनेच्या ‘मॅनों’ या ऑपेरात, तेही मुख्य भूमिकेत. एकल गायिका म्हणून ऑपेरात गेलेली ही. 1938 च्या ‘द रोड टू रीनो’ या बोलपटात तिनं ऑपेरा गायिकेचीच भूमिका केली. लेखात ‘फिलाडेल्फिया’ किंवा ‘मॅनों’ दिसलं की ती हॅम्प्टन; ‘टायटॅनिक’, ‘एक्लेर’, ‘मेट’ दिसलं की गिब्सन. दोघींना एका परिच्छेदात शेजारी ठेवलं तर श्रोत्यांनाही फरक कळेल.

आता चित्रपट दाखवण्याचं. ‘सेव्ह्ड फ्रॉम द टायटॅनिक’ दाखवता येणार नाही. मार्च 1914 मध्ये एक्लेरच्या फोर्ट लीच्या जागेला आग लागली आणि ज्ञात प्रती गेल्या. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. ती जळताना लागणारा ऑक्सिजन स्वतःच्या रसायनातूनच मिळवते, त्यामुळे पाण्याखालीही जळत राहते. आग लागली नाही तरी ती कुजते: आधी चित्र पुसट, मग वेटोळी चिकट, शेवटी तपकिरी भुकटी. त्या चित्रपटाची आता छापील छायाचित्रंच आहेत. 1912 मध्ये प्रसिद्ध झाल्यामुळे ती हक्कमुक्त आहेत, भिंतीवर दाखवायला हरकत नाही. खाली ‘चित्रपटातील दृश्य’ असं मात्र लिहा. ती जहाजावरची खरी छायाचित्रं समजून फिरवली जातात.

त्यांचा वाचलेला चित्रपट ‘द लकी होल्डअप’. 2001 मध्ये एका खासगी संग्राहक दांपत्याकडे प्रत निघाली, आता ती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेली आहे. ती हाती नसेल तर 1911-12 चा दुसरा कुठलाही एकरिळी घ्या, वेगाचं गणित तेच.

35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी (फ्रेम). पूर्ण रीळ 1,000 फूट, म्हणजे 16,000 चौकटी. सेकंदाला 16 चौकटींनी चालवलं तर 16 मिनिटं 40 सेकंद. 18 नं साधारण 14 मिनिटं 50 सेकंद. 24 नं जेमतेम 11 मिनिटं, आणि माणसं तुरुतुरु धावतात. कॅमेरा हातानं फिरवायचे, त्यामुळे एकाच चित्रपटातही वेग कमीजास्त असतो. 16 हा काही ब्रह्मवाक्य नाही.

फाइल हाती आली की आधी तपासा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चित्र थांबवून ‘ई’ कळ दाबत एकेक चौकट पुढे न्या. प्रत्येक वेळी चित्र बदलत असेल आणि फाइल सेकंदाला 24 चौकटींची असेल, तर वेग दुरुस्त केलेला नाही. तेव्हा खेळण्याचा वेग 0.75 ठेवा, म्हणजे मूळ 18. तरीही घाईचं वाटलं तर 0.67, म्हणजे 16. पण मधूनच एखादी चौकट दोनदा येत असेल तर कोणीतरी आधीच वेग उतरवून दिलेला आहे. तिथे हात लावू नका, नाहीतर माणसं पाण्यात चालल्यासारखी दिसतील. योग्य वेग ओळखायची खूण: चालणाऱ्या माणसाची पावलं, खाली पडणारी वस्तू, आणि ओतलं जाणारं पाणी. चेहऱ्यांवरून ठरवू नका, त्या काळचा अभिनय मुळातच मोठा असतो. वेग बदलला की ध्वनिपट्टीही ताणली जाते, म्हणून आवाज पूर्ण बंद करा आणि संगीत वेगळं लावा.

संगीत मात्र लावाच. मूकपट सहसा शांततेत दाखवला जात नव्हता, बहुतेक ठिकाणी निदान पियानो तरी असायचा. जोर्दानोचं संगीत पार्श्वभूमीला लावायचा मोह होईल, पण 1912 च्या विनोदी एकरिळीखाली ते बसत नाही. साधा पियानो पुरे.

रीळदार

शेवटाबद्दल थोडं, कारण तिथेही लोक घाई करतात. 1915 नंतर गाण्याची कारकीर्द फार लांबली नाही. पुढे त्या युरोपात, पॅरिसला स्थायिक झाल्या. दुसऱ्या महायुद्धात आईबरोबर इटलीत अडकल्या. त्यांच्यावर नाझींबद्दल सहानुभूतीचा आरोप आहे. 1944 पर्यंत मात्र त्यांनी ती बाजू सोडली होती, फॅसिस्टविरोधी म्हणून पकडून त्यांना मिलानच्या सान व्हित्तोरे तुरुंगात टाकलं. पत्रकार इंद्रो मोंतानेल्ली यांच्याबरोबर त्या तिथून सुटल्या. 17 फेब्रुवारी 1946 ला पॅरिसच्या रिट्झ हॉटेलात हृदयविकारानं गेल्या, वय 56. दफन सां-जेर्मां-आं-लेमध्ये. आरोप आणि तुरुंग, दोन्ही सांगा. एकच सांगितलं तर टिपण लंगडं होईल.

वाचनकट्टा

सुरुवातीचा परिच्छेद असा केला आहे, चूक असेल तर सांगा: ‘हिप्पोड्रोमच्या कोरसमध्ये गाणारी एक मुलगी मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकली, तिथून मूकपटांत नायिका झाली. टायटॅनिक बुडाल्यावर 31 दिवसांत तिचा त्यावरचा चित्रपट लागला, आणि तीन वर्षांनी ती मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या तारकांमध्ये गात होती.’

तारसप्तक

‘तारकांमध्ये’ हा शब्द बदला, ऐकणारा तिला तारका समजेल. ‘मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या कोरसमध्ये, जेराल्डिन फॅरारच्या मागे उभी राहून गात होती’ असं करा. सुरुवातीला हिप्पोड्रोमचा कोरस आहे, शेवटी मेटचा कोरस येईल, वर्तुळ आपोआप दिसेल.

चौकट35

आणि दिवसांचा आकडा. बोट बुडाली 15 एप्रिलच्या पहाटे, चित्रपट लागला 14 मेला. ते 29 दिवस होतात.